हाडजोडीचा लेप

दीपा,

तुझ्या आईला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात निघालो. अंगणात माकडशिंगीला पाणी घालताना ती घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं असावं. "हे झाड पाण्यावाचून जगतं," असं मी रोज सांगायचो. "मंग तुमालेच काहून घडीघडी चहा लागते?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

कुठल्याच कुंडीला पाणी घालू नकोस. माकडशिंगी बुडाशी कुजते आहे, तिला उन्हात सरकव.

शेजारच्या कांताबाई आईच्या लेपासाठी कुंपणावरची हाडजोडी तोडायला येतील. या लेपाची मी आयुष्यभर टिंगल केली, दिवाळी अंकांतल्या माझ्या लेखांतसुद्धा. आज मात्र त्यांना हो म्हणालो. तूही अडवू नकोस, हव्या तेवढ्या कांड्या तोडू दे. मी त्या वेलाला कुणाला हात लावू देत नव्हतो, हे त्यांना आठवेल, आठवू दे.

संध्याकाळी दवाखान्यात येताना त्यांनी वाटलेला लेप डब्यात घाल आणि वर दोन पोळ्या ठेव. डॉक्टरांना कळू देऊ नकोस. आईलाही नको, माझ्यावर हसेल.

पडल्यापासून ती एक शब्द बोललेली नाही. विचारलं तर नुसती बघते.

तेव्हा असं कर, डबा आधी तिलाच उघडून दाखव.

बाबा