सुमंतांचं इंजिन आणि माझा शास्त्रीय विरोध

१८ जानेवारी १९९८, रविवार. सातारा.
आमच्या मुलीचं, भार्गवीचं लग्न ठरलं. मुलगा सौमित्र, सांगलीचा, इंजिनिअर. चष्मा आहे, बोलतो कमी. त्या घराण्यातलं बोलण्याचं सगळं खातं त्याच्या वडिलांकडे. आडनाव सुमंत. सांगलीत पाण्याच्या पंपांचं दुकान आहे, पण माणूस दुकानात कमी आणि मिरजेच्या यार्डात जास्त. 'वाफइंजिन स्नेही मंडळ' नावाचं काहीतरी काढलंय, त्याचे हे अध्यक्ष. अशा मंडळांत अध्यक्ष सोडून दुसरं कोणी असतं का, हे शोधलं पाहिजे.

आज बैठकीत तारीख ठरली, दहा मे. तारीख ऐकून सुमंत टुणकन उठले. त्याच दिवशी म्हणे त्यांच्या मंडळाला जपून ठेवलेलं एक कोळशाचं इंजिन मिरजेहून साताऱ्यापर्यंत चालवायची परवानगी मिळाली आहे. चार डबे. तेव्हा वऱ्हाड त्यातूनच येणार!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या हिनं, पद्मानंसुद्धा, जिला गाडीतल्या डिझेलच्या वासानं मळमळतं. भार्गवी तर जागची उठून हसली.

मी शांतपणे म्हणालो, या मार्गावर एकेरी रूळ आहे, डिझेलच्या गाड्या धावतात, हे धूड मध्ये कशाला? म्हातारं इंजिन म्युझियममध्ये शोभतं. सुमंत म्हणाले, अजिंक्यताऱ्यावर आता कोणी लढत नाही, म्हणून तो उचलून म्युझियममध्ये ठेवता का, विष्णुपंत?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तेवढ्यात शिरा आला.

संकल्प: विरोध करायचा. व्यक्तिगत नाही. शास्त्रीय.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून आलो आणि मुद्दे काढले. एक, वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता सहा टक्के. आमच्या प्राचार्यांपेक्षा जास्त आहे, पण प्राचार्यांना कोणी मेन लाइनवर सोडत नाही. दोन, हे रखडणार आणि मागच्या सगळ्या गाड्या रखडवणार. तीन, स्टेशनांवरचे पाण्याचे नळखांब कधीच उखडले, मग याला पाणी कोण पाजणार? चार, ठिणग्या.

पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवतोय. चार मुद्द्यांत कोणीही गार होईल.

८ फेब्रुवारी. सांगली.
मुद्दे घेऊन सुमंतांकडे गेलो. घरात देवांच्या तसबिरी बोटभर आणि इंजिनांच्या हातभर. सुमंतांनी चारही मुद्दे ऐकले आणि प्रत्येकाला "अगदी बरोबर" म्हणाले. मग म्हणाले, पाण्याचा टँकर मी तारगावला उभा करतोय, आता चहा घेऊ.

माणसाचा याहून मोठा अपमान करता येत नाही.

निघताना त्यांनी मला ड्रायव्हरची निळी टोपी भेट दिली. मुहूर्तावर घालायला. एसटीतच विसरलो. मुद्दाम नाही.

१ मार्च
रेल्वेला पत्र टाकलं. ही फेरी जनहितार्थ रद्द करावी. प्रती वरपर्यंत सगळ्यांना.

चूक एवढीच झाली की जेवताना बोलून गेलो. भार्गवीनं ताटातला हात थांबवला. म्हणाली, बाबा, तुम्हाला इंजिन नकोय की सौमित्र?

काय हा प्रश्न! मी तिला कार्यक्षमता समजावून सांगितली. ती म्हणाली, या सगळ्या लग्नात साड्या तुम्ही दोघांनी ठरवल्या, हॉल मामानं ठरवला, जेवण आत्यानं. मला स्वतःला आवडलेली एकच गोष्ट होती. आणि उठून गेली.

पद्मा म्हणाली, झालं समाधान?

११ मार्च
भार्गवी माझ्याशी बोलत नाही. "बाबांना सांग, फोन आहे" असं आईला सांगते. मी त्याच खोलीत असतो.

परीक्षेचा ताण असेल. परीक्षा मागच्या वर्षीच संपली, पण ताण राहतो.

४ एप्रिल
रेल्वेचं उत्तर नाही. वर्तमानपत्राकडे पाठवलेलं पत्रही आलं नाही. त्या जागी पाणीपुरीच्या पाण्याबद्दलचं एक आलंय. समाजाला गांभीर्य उरलेलं नाही.

कॉलेजात व्याख्यान ठेवलं, 'वाफ: एक भ्रम'. सहा श्रोते. त्यातले चार पंख्याखाली बसायला आले होते. पाचव्यानं प्रश्न विचारला, सर, इंजिन साताऱ्याला किती वाजता येणार? सहावा शिपाई.

आता जनतेतच गेलं पाहिजे. शेतकरी ठिणगीला घाबरतो.

१९ एप्रिल, रविवार. तारगाव.
रुळाला लागून शेत असलेला माणूस हुडकला. नाथाजी, फौजेतून हवालदार होऊन आलेला. सहा फूट उंची आणि मिशीला वेगळा सात-बारा काढावा लागेल. मी सांगितलं, कोळशाचं इंजिन येणार, ठिणगी उडणार, शेतातलं उसाचं पाचट पेटणार.

नाथाजी म्हणाला, "आवं सर, पाचट आमीच पेटवतो की. इंजनाला कशाला तरास?"

कडब्याच्या गंजीचा मुद्दा काढला. तो म्हणाला, गंजी घराम्हागं हाय, इंजन काय घरात येतंय व्हय? मग स्वतःच सुरू झाला. भरती झाला तेव्हा मिरजेपासून पार पठाणकोटपर्यंत कोळशाच्याच गाडीनं गेला होता. दोन दिवसांनी उतरला तर आपल्याच पलटणीतल्या गड्याला ओळखू येईना, इतका काळा. डोळे मिटून हसत होता. बायकोला हाक मारून म्हणाला, "आगं रंगूबाई, त्ये इंजन परत येतंय बग, लय भारी!"

रंगूबाई म्हणाली, कवा?

मी निक्षून सांगितलं की कवाही येवो, त्याच्यापासून लांब राहायचं. नाथाजी म्हणाला, तुमी येळा छापून द्या सर, आमी गावोगाव वाटतो. म्हंजे लोकांना ठावं तरी पायजे, कवा लांब ऱ्हायचं.

सामान्य माणसाला तर्क कळतो. आपण उगाच त्याला कमी लेखतो.

२६ एप्रिल
दोन हजार पत्रकं छापून आली. वर 'जाहीर निवेदन'. खाली चारही मुद्दे, मग कडक शब्दांत सूचना, 'मुलाबाळांना व जनावरांना रुळापासून दूर ठेवावे.' त्याखाली ठळक टायपात ताकारीपासून कोरेगावपर्यंत प्रत्येक स्टेशनची वेळ. वेळा कुठून मिळवल्या? सुमंतांनाच फोन केला. माणूस भोळा आहे, आनंदानं सांगितल्या. तळाशी माझं नाव, प्रा. विष्णुपंत, एम. एस्सी.

प्रेसवाला म्हणाला, मुद्दे बारीक टायपात घेतो, जागा पुरत नाही. घे म्हटलं. जाणकार शोधून वाचतात.

नाथाजी मोटारसायकलवरून गठ्ठे घेऊन गेला. रूळ ओसाड राहतील. एक माणूस बघायला येणार नाही. सुमंत खिडकीतून हात हलवतील आणि समोर फक्त म्हशी असतील. त्याही तोंड फिरवून.

९ मे
मांडव घातला. घरात चाळीस माणसं, बाथरूम एक. भार्गवीच्या हाताला मेंदी लागली. मी जवळ गेलो तर "आई, बाबांना सांग, ओली आहे."

उद्या सव्वादहाला गाडी. स्टेशनवरच सीमांतपूजन, मग हॉलवर नाश्ता, बारा एकवीसला अक्षता. सगळं वेळेत होईल. माझ्या पत्रकामुळे वाटेत गर्दीच नसणार, तेव्हा इंजिनाला वेळेवर येण्यावाचून गत्यंतर नाही. एका अर्थानं मीच त्यांची सोय केली. मोठेपणा मात्र सांगत बसणार नाही.

१० मे, सकाळी ११. माहुली, म्हणजे साताऱ्याचं स्टेशन.
गाडी नाही. हार कोमेजतोय. बँडवाले म्हणतात, एक वाजता दुसरं लग्न आहे.

स्टेशन मास्तर फोन ठेवून बाहेर आला. म्हणाला, ताकारीला सत्कार झाला.

कसला सत्कार? तर इंजिनाचा. पुढाऱ्यानं शाल पांघरली. इंजिनाला शाल पुरेना, तर दोन जोडल्या. भाषण झालं.

साडेअकरा
कराडला सत्कार. तिथे दोन गट आहेत, म्हणून दोन. पहिल्या गटानं नारळ फोडला, दुसऱ्यानं अकरा फोडले, मग पहिल्याला परत यावं लागलं.

बारा एकवीस
अक्षता व्हायच्या होत्या. मी बाकावर बसलोय, शेजारी पूजेचं ताम्हण. बँडवाले गेले.

गाडी तारगावच्या अलीकडे थांबली आहे. स्टेशनात नाही, अलीकडेच. रुळावर माणसं उभी आहेत. बायाबापड्या, कडेवर पोरं, बैलजोड्या रंगवून आणल्यात. रंगूबाई नावाच्या बाईनं ड्रायव्हरला औक्षण केल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणून सांगितलंय, आणि तिच्यामागे रांग आहे. मागची एक्स्प्रेस खोळंबली. तिच्यामागे मालगाडी.

मास्तर कपाळ पुसत म्हणाला, या लोकांना वेळा कोणी कळवल्या हो?

मी म्हणालो, प्रशासन ढिसाळ आहे.

मुद्दा क्रमांक दोन पूर्णपणे सिद्ध झाला. सांगू कोणाला?

दुपारी दीड. हॉल.
पाहुण्यांना पंगतीला बसवलं. नवरा नसलेल्या लग्नाची जिलबी लोकांनी तिसऱ्यांदा मागून घेतली. भार्गवी शालू नेसून खोलीत एकटी बसलेली दिसली. मुंडावळ्या बांधलेल्या. मी दारात उभा राहिलो. तिनं वर पाहिलं आणि पहिल्यांदा, कोणाच्याही मार्फत नाही, मलाच विचारलं, बाबा, येतील ना ते?

मी येतील म्हणालो. चार महिन्यांत मी त्या इंजिनाची बाजू घेतली ती एवढीच.

संध्याकाळी साडेसात
शांतपणे लिहितो.

तीन वाजता गाडी आली. आधी धूर आला, मग शिट्टी, मग शाली पांघरलेलं, गुलालानं माखलेलं, हारांत बुडालेलं ते धूड. नवरदेव इतका काळा झाला होता की सीमांतपूजनाला मी चुकून त्याच्या मामाचे पाय धुवायला घेतले. सुमंतांचा आवाज बसलेला. देव आहे.

गुरुजींनी पंचांग उलटंसुलटं करून चार अडतीसचा मुहूर्त काढला. तो सकाळी कुठे होता, हे विचारायचं राहिलं.

अक्षता पडल्या. घास घशाखाली उतरतोय तोवर माईक खरखरला. नाथाजी! फेटा बांधून, तारगावची पंधरा माणसं घेऊन इंजिनाबरोबर आला होता. म्हणाला, "मंडळी, आमाला रेल्वेनं सांगितलं न्हाई, पेपरनं सांगितलं न्हाई. कुनी सांगितलं? ह्या सरांनी! पदरचं पैसं घालून, येळासकट कागद छापून गावोगाव धाडलं. मानूस एवढा मोठा, पन घरात कुनाला बोलला न्हाई. बारा गावं आली बगायला!" आणि मला शाल, फेटा, नारळ.

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. सुमंतांनी मिठी मारली. कपडे गेले. बसलेल्या आवाजात म्हणाले, व्याहीबुवा, म्हणून वेळा विचारल्यात होय!

मग भार्गवी आली. गळ्यात वरमाला तशीच. म्हणाली, बाबा, म्हणजे इतके दिवस हे सगळं नाटक होतं? माझ्यासाठी? आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून.

तोंड उघडलं होतं. शास्त्रीय माणसानं अशा वेळी सत्य सांगायला हवं. पण तिचं डोकं खांद्यावर असल्यामुळे मानेला झटका द्यावा लागला असता.

पद्माच्या हातात पत्रक होतं. तिनं बारीक टाइपसुद्धा वाचला. सगळं वाचून घडी घातली, कमरेला खोचली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, आता जन्मभर गप्प बसायचं.

सातला गाडी परत निघाली. हिरवा झेंडा कोणी दाखवायचा, तर एकमतानं मी. दाखवला. भार्गवी खिडकीतून हात हलवत होती. इंजिन वेग घेईना, त्यामुळे बराच वेळ दिसत राहिली. डिझेल असतं तर अर्ध्या मिनिटात वळणाआड गेली असती. हा मुद्दा यादीत नव्हता.

१३ मे
घर मोठं झालं आहे. मोजमाप तेच.

सुमंतांचा फोन. वाफइंजिन स्नेही मंडळाची सातारा शाखा निघाली. अध्यक्ष मी. बिनविरोध, कारण सभासदही मीच. पुढच्या वर्षीची फेरी मिळावी म्हणून रेल्वेला अर्ज करायचाय, तो मी करावा, कारण त्यांच्या मते शास्त्रीय मुद्दे मला जास्त ठाऊक. शिवाय त्या फेरीत मी इंजिनात उभं राहायचं, कोळसा टाकायला.

पद्मा समोर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, नाही म्हणा की. कार्यक्षमता सांगा.

फोनवर सुमंतांच्या मागून भार्गवी ओरडली, बाबा, याल ना?

हो म्हणालो.

सुमंत म्हणतात, टॉवेल काळाच घ्या. बाजारात जाऊन दोन आणले.