साहेब आपलेच आहेत

शनिवार, १४ सप्टेंबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते, तुझी वाट बघते. वहिनीची छत्री माझ्याकडेच राहिलीय, तिला सांग.

इथवर नीट लिहिलं. यापुढे जमेल असं वाटत नाही.

माझ्या दुसरीच्या पोरांनी शाळेच्या फाटकापाशी पाच दिवस उभं राहून गाड्या मोजल्या. सात वर्षांची पोरं, दादा! दहा मिनिटांत किती गाड्या, म्हाताऱ्या माणसांना पलीकडे जायला किती वेळ ताटकळावं लागतं, सगळं फळ्यावर मांडलं. मग अर्ज लिहिला. शाळेसमोर पांढरे पट्टे हवेत आणि गतिरोधक हवा. 'गतिरोधक' चार वेळा चार तऱ्हांनी लिहिलाय. मी हात लावला नाही. अर्ज त्यांचा होता. खाली सव्वीस सह्या.

तो घेऊन आम्ही नगरपालिकेत तुझ्या कार्यालयात आलो. तू गोळ्या वाटल्यास, अर्ज हातात धरून पोरांसोबत फोटो काढून घेतलास. माझ्या वर्गातली चिमणी म्हणाली, "साहेब, आवक नंबर द्या ना. बाई सांगतात, नोंद नसली की अर्ज हरवतो."

तू हसलास. आणि मी तिला दटावलं, "गप गं, साहेब आपलेच आहेत."

दोन महिने झाले. एक पट्टा नाही, एक उत्तर नाही. मी विचारलं की म्हणायचास, "बघतो गं, किती घाई तुला!"

मंगळवारी शाळा सुटल्यावर आमच्या शिपाई मावशी पोरांना रस्ता ओलांडून देत होत्या. भरधाव टेम्पो आला. मावशींनी दोन पोरींना बाजूला ढकललं आणि स्वतः सापडल्या. मांडीचं हाड मोडलंय. त्या दोघींतली एक चिमणी. तिला खरचटलं तेवढंच. पण ती अजून बोलत नाही.

बुधवारी तुझा फोन आला. मावशी कशा आहेत, हे तू विचारलं नाहीस. "छोटे, चौकशी लागलीय. असा अर्ज आलाच नव्हता, एवढंच म्हण. नोंद आहे का कुठे?"

नाही, दादा. नोंद नाही. ती मागणाऱ्या पोरीचं तोंड मी बंद केलं होतं. तुझी लाज वाटते म्हणून हे पत्र लिहायला बसले, पण खरी लाज या ओळीत आहे. पोरांना रोज शिकवलं की विचारायला घाबरू नका, आणि माझाच भाऊ समोर आला तेव्हा शेपूट घातली.

काल वर्गात सगळं सांगून टाकलं. ते साहेब माझे भाऊ, म्हणून मी चिमणीला गप्प केलं, माझं चुकलं. मग मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "बाई, आता तुम्ही कुणाच्या बाजूने?"

सात वर्षांच्या पोरीला हे विचारावं लागलं, यापरती लाज कुठली?

आज सकाळी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब देऊन आले. तुझा तो फोटो जोडलाय, अर्ज त्यात स्पष्ट दिसतो. नोंद का झाली नाही, तेही लिहिलंय, माझ्या नावासकट. आईला संध्याकाळी मीच सांगेन. तू तिच्या कानात काही भरू नकोस.

जबाबात एक रकाना होता, 'संबंधित अधिकाऱ्याशी नातं'. तिथे पेन जरा थांबलं. मग जे लिहिलं तेच इथे लिहिते.

सख्खी बहीण