हिरवी खूण कोणाच्या खात्याची?

मंगळवार, संध्याकाळ. धुळे.

नरडाण्याच्या तेलगिरणीतला नवा सर्व्हर उद्या सुरू व्हायचा आहे. तपासणीच्या अहवालावर माझी सही आहे, नव्हे, होती. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅमने नोंदी कोठे ठेवायच्या हे सांगणाऱ्या सेटिंग्ज, मी माझ्या लॉगिन-खात्यातून ऑडिटच्या साधनाने पडताळल्या. सर्वत्र हिरवी खूण. तेवढ्यात तिथला प्रोग्रॅम रोज सुरू करणारे नाना म्हणाले, "मॅडम, तुमना खातामा बठ्ठं बरोबर शे. पन गिरणीना प्रोग्रॅम का तुमना खातावर चालस?"

राग आला. मला शिकवणार? पण प्रश्न अचूक होता. प्रोग्रॅम स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो, आणि तिथे जुन्याच सर्व्हरचा पत्ता होता. हिरवी खूण केवळ माझ्या खात्याची! उद्या टँकर भरून गेले असते आणि नव्या सर्व्हरवर एकही नोंद झाली नसती. इतकी ढोबळ चूक, माझ्या हातून?

अहवाल फाडला. चाचणी त्या खात्यातून चालवली, लाल खूण आली. पत्ता दुरुस्त करून पुन्हा चालवली, हिरवी आली. आता तपासणी निर्दोष आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. नव्या अहवालात तपासणाऱ्यांमध्ये नानांचे नाव माझ्या आधी लिहिले.

"मॅडम, थट्टा करी ऱ्हायनात का?"

मी थट्टा करत नाही, हे त्यांना अजून ठाऊक नाही.