बॉल सरळ जावा म्हणून

तेलीबांधा, रायपूर
२ डिसेंबर २०१८

चि. अभिनव यास,

आईचे आशीर्वाद. सौ. अर्चना आणि आपली पोट्टी ज्ञानदा मजेत असतील. इकडे थंडी पडली, बाजारात वाटाणे आले. माझे गुडघे बरे आहेत, बीपी बरं आहे, गोळ्या वेळेवर घेते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना "मम्मी, तबीयत ठीक नहीं है क्या?" असं तुला म्हणता येणार नाही.

फोनवर मी मराठीत बोलते, तू हिंदीत उत्तर देतोस, आणि लगेच तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहून राहिली.

तर बॉल.

माझा बॉलिंगचा जुना बॉल तडकला तेव्हा तूच म्हणालास, "मम्मी, बंगलोर में दुकान है, नया लेके ड्रिल करवा देता हूं." रायपुरात बोटांची भोकं पाडायची ती मशीन नाही, म्हणून मी हो म्हटलं. काय हवं ते नीट सांगितलंही. ऐकू आलं नसेल असं समजून पुन्हा लिहिते. बॉलच्या पोटात जड गाभा असतो आणि त्याचं डोकं कुठे आहे ते वरच्या रंगीत ठिपक्यावरून कळतं. हातातून सुटलेला बॉल ज्या बिंदूभोवती फिरतो, तो माझा बिंदू खालच्या मजल्यावरच्या मीनलनं टेपनं मोजून दिला होता. तिनंच मला हा खेळ शिकवला, ती चुकत नाही. ठिपका त्या बिंदूपासून साडेतीन-चार इंचांवर असला की बॉल जोरात वळतो. बिंदूवरच आणून ठेवला की वळायची ताकद जाते. मला ठिपका बोटांच्या भोकांच्या वर हवा होता, म्हणजे बॉल लेनवर लावलेल्या तेलावरून सरळ जातो आणि शेवटी झपकन आत वळतो.

खोकं उघडलं तर निळा ठिपका पार उजवीकडे, त्या बिंदूवरच.

मीनल म्हणाली, "काकू, हे चुकलं आहे."

मी म्हटलं, "माझ्या पोट्ट्यानं समोर उभं राहून करून घेतलं. काही विचार केला असंल त्यानं."

सरावातही बॉल वळेना. तुला फोन केला. तू म्हणालास, "लेन पे तेल ज़्यादा होगा, मम्मी." आणि मी मानलं! मीनलनं मोजून दिलेलं बाजूला ठेवलं आणि तुझं मानलं.

गेल्या रविवारी साठीवरच्या बायकांच्या राज्य संघाची निवड झाली. मी नेहमीच्या जागेवर उभी राहिले, लेनवरच्या नेहमीच्या बाणावरून टाकला. बॉल उजवीकडे गेला तो तिकडचाच झाला. कोपऱ्यातल्या दोन-तीन पिना पडल्या, बाकीच्या माझ्याकडे बघत उभ्या. जागा बदलली, वेग कमी केला, काही उपयोग नाही. परत आलेला बॉल पुसायला घेतला तर तेलाच्या रेघा एकावर एक बसून एकच कडं झालेलं. वळणाऱ्या बॉलवर त्या सुट्या सुट्या पसरतात. तिथेच समजलं. संघात माझं नाव आलं नाही.

संध्याकाळी मीनलनं त्या दुकानात फोन लावला. ड्रिलर म्हणाला, "बेटे ने ही बोला था, मदर की एज हो गई है, बॉल घूमना नहीं चाहिए."

मी विचारलं, "मेरा नाप नहीं बताया?"

"बताया था ना, आंटी. उसी नाप से तो सीधा बनाया."

माझंच माप, अभिनव! मी ज्याच्यासाठी दिलं त्याच्या बरोबर उलट वापरलंस. तरीही त्या रात्री मी मनात तुझी बाजू घेतली. पोरगा घाबरला असेल, आई जोर लावायला जाईल, घसरेल, असं वाटलं असेल त्याला. पत्र लिहिलं तर एवढंच लिहायचं आणि विषय संपवायचा, असं ठरवलं होतं.

पण सोमवारी सकाळी बेल वाजली. दारात एक ब्रोकर, मागे नवरा-बायको. "आंटी, अभिनव सर ने भेजा है. फ़्लैट देखना है." मी काही बोलायच्या आत ती बाई स्वयंपाकघरात शिरून माझी कपाटं उघडून पाहू लागली. ब्रोकरला विचारलं, "सर से कब बात हुई?"

"दिवाली में. सर बोले थे, पच्चीस तारीख को आंटी का मैच है, उसके बाद आंटी फ़्री हो जाएंगी."

म्हणजे मी हरणार हे ब्रोकरला माहीत होतं. बॉल माझ्या घरी पोचायच्याही आधी.

मी सांगितलं, फ्लॅट माझ्या नावावर आहे आणि मी त्यात राहते. ती बाई ओशाळली. उघडलेली कपाटं एकेक करून तिनं लावली आणि "सॉरी आंटी" म्हणून गेली. तिनं म्हटलं. तू अजून म्हटलेलं नाहीस.

काहून रे असं केलं? विचारायला काय लागत होतं? बाबा गेल्यापासून मी बैठकीत टीव्ही लावून आतल्या खोलीत बसते, नुसता आवाज असावा म्हणून. तुझ्या घराजवळ बॉलिंगच्या लेन आहेत का, हे मी दिवाळीतच मीनलला शोधायला लावलं होतं. आहेत म्हणाली. तुझ्याकडे राहायला येतेस का, हे तू विचारशील असं वाटत होतं. हो म्हणायचं ठरवून बसले होते मी.

बॉलची भोकं बुजवून नवी पाडता येतात. पुढच्या आठवड्यात रेल्वेच्या पासवर मी बंगळूरला येते आहे, मीनल सोबत आहे. उतरणार तिच्या मावशीकडे. ठिपका कुठे ठेवायचा ते मशीनजवळ उभी राहून मी सांगणार. ज्ञानदाला दुकानात घेऊन ये, तिला पाहून वर्ष होत आलं. तू आलास तर बाजूला उभा राहा, ड्रिलरशी बोलायचं काम नाही.

आणि तिथे मला "मम्मी, यहीं रह जाओ" म्हणू नकोस. माझ्या तोंडून अजूनही हो निघेल, आणि मग मी स्वतःला माफ करणार नाही.

तुझी (हा शब्द खोडला होता, मग पुन्हा लिहिला)
आई