यंत्र फिरताना आत थांबू नका

३ जुलै
नोकरी लागली एकदाची! वास्तुकलेच्या पोरांना लेझर स्कॅनर शिकवायचा. तिवईवरचं यंत्र गरगर फिरतं, अख्खी खोली लाखो ठिपक्यांत टिपतं. मग डोळ्यांवर चष्मा चढवला की पडद्यावरच्या त्याच खोलीत हिंडता येतं. इमारत जुनी, पण उजेडाची. शिपाईमामांनी न मागता चहा आणून दिला. मी जाम खूश आहे.

८ जुलै
पोरांनी नाकी नऊ आणलेत. यंत्र फिरताना बाहेर जा, नाहीतर तुमचेही ठिपके येतात, हे घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! कुणी ना कुणी मध्ये तडमडतंच. मग करा पुन्हा स्कॅन. पुढच्या आठवड्यात अशी माणसं संगणकावर पुसायला शिकवेन.

१५ जुलै
वाचनालयाच्या स्कॅनमध्ये शिपाईमामा आले, खुर्च्या उचलताना. वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलीनं, शेंडेफळानं, त्यांना पुसलं. कडा न दुखावता, अगदी सफाईनं. मीच शाबासकी दिली.

१६ जुलै
चहा आला नाही. मामा कुठे म्हणून विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, आपल्याकडे शिपाई कधी नव्हताच. थट्टेला काही सुमार! पोरंही तेच म्हणतात. मग कालचं पुसणं आठवलं. मूळ फाइल मागितली, तर शेंडेफळानं ठेवलीच नव्हती. मूळ प्रत जपा म्हणून किती कानीकपाळी ओरडले होते मी!

२२ जुलै
आज आमच्या वर्गाचा, म्हणजे स्टुडिओचा स्कॅन. रेंगाळणाऱ्या पोरांना हाकलण्याच्या नादात मीच आत राहिले. चष्मा घातला — फळ्यापाशी मी उभी, हात उगारून ओरडणारी. फाइल आधीच सगळ्यांकडे गेलीये. सामाईक फाइल, एकानं पुसलं की सगळीकडचं जातं. साफ करायला मीच सांगितलंय.

२३ जुलै
पुसू नका, असे निरोप धाडले. एकानं वाचला असेल तर शपथ. आईला फोन केला. आपण कोण बोलताय, असं तिनं विचारलं. आईनं मला अहो-जाहो केलं —

२४ जुलै
वर्गात आहे. ओरडले, बाकं बडवली. कुणी मान वर करत नाही. शेंडेफळाच्या पडद्यावर मी कमरेपासून वरच उरलेय. ती सावकाश — मी शिकवलं तशीच —

आता उजव्या हाताभोवती रेघ ओढतेय. थांब गं पोरी, मी त्याच हातानं लि