तिसऱ्या अंकात आई मरतात

बल्लारपूर,
जानेवारीचा दुसरा रविवार

प्रिय अश्वजितचे बाबा,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं. पण लग्नाआधी आपण एकमेकांना लिहिलेली सगळी पत्रं याच शब्दाने सुरू व्हायची, तेव्हा जुन्या सवयीला कशाला दुखवायचं. फोनवर तुम्ही 'तालीम चालू आहे, मंग बोलतो' म्हणता आणि तो मंग काही उगवत नाही. पत्र मध्येच कापता येत नाही, एवढ्यासाठी वडशाला तुमच्या नाटक कंपनीच्या पत्त्यावर हे पाठवते आहे. सावकाश वाचा. बिनपगारी रजेवर आहात, वेळच वेळ आहे.

आधी घरची खुशाली. अश्वजितचे नागपूरला पेपर बरे गेले. खाणीवरून तुमच्या साहेबांचा दोनदा निरोप आला की वजनकाट्यावरचा माणूस नाटकांचा सीझन संपल्यावर येणार की सीझनच त्याला घेऊन जाणार. मी सांगितलं, मलाही तेच विचारायचं आहे. आईंचा डोळा छान आहे. ऑपरेशननंतर त्यांना इतकं स्वच्छ दिसायला लागलंय की माझ्या निवडलेल्या तांदळातला खडा त्या बाजेवर बसून दाखवतात आणि आवाज मोठा असल्याने तो खडा पूर्ण गल्लीला दिसतो. थेंब टाकायचे दिवस संपले. माझ्याकडून जेवणाचा डबा नेणाऱ्या पोरांपैकी दोघं बदलून गेले, तीन नवे आले. म्हणजे रोज एक डबा वाढला. ही बातमी तुम्हाला पूर्वी सांगितली असती तर आपण दोघांनी बसून हिशेब केला असता की कर्ज किती महिन्यांनी आधी फिटेल. आता एकटीच करते. एकटीने केलं की हिशेब लवकर होतो, मजा येत नाही एवढंच.

घरासाठी चोवीस लाखांचं कर्ज काढलं तेव्हा बँकेतला साहेब म्हणाला होता, वीस वर्षं कशी निघून जातील कळणार नाही. मला तर पहिल्याच वर्षी कळलं. हप्ता भरत राहायचा आणि मुद्दल मात्र बसस्टँडवरच्या म्हशीसारखी जागची हलायची नाही. मग तुम्हीच कुठूनसं ऐकून आलात की वर्षातून एकदा जास्तीचे पैसे भरले तर ती म्हैस उठते. तेव्हापासून आपला नेम. सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षाभूमीवर जायचं, वंदना करायची, घरी येऊन वर्षाची बचत मोजायची, मी ती तुमच्या पांढऱ्या रुमालात बांधायची आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती बँकेत भरायची. लोक नवे कपडे घ्यायचे, आपण म्हैस उठवायचो. पावती मी कधी मागितली नाही. नवऱ्याला पावती मागायची म्हणजे किराणा दुकानदाराशी लग्न केल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, दुकानदार निदान छापील बिल तरी देतो.

ती बचत कशी व्हायची ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ते झाडीपट्टीतल्या गावागावांत सांगितलंच आहे. पण मला ते कसं कळलं, हे तुम्हाला माहीत नाही.

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बायका आपल्याकडे जमल्या होत्या. आशाबाईच्या माहेरी, नागभीडच्या बाजूला, मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक झालं. तिच्या भावाने मोबाइलवर काढून पाठवलं होतं. चहा होईपर्यंत आशाबाई म्हणाली, 'माधवीताई, पाय ना, काय जबरदस्त नाटक आहे, हासून हासून पोट दुखते.' नाटकाचं नाव 'कुलूपबंद सून'. मीही पाहायला बसले. एक बाई टूथपेस्टची नळी कैचीने फाडून बोटाने पेस्ट काढत होती. मी हसले. ती नवऱ्याला म्हणाली, 'दात तुमचे बत्तीस, पेस्ट लावता चाळिसाला.' मी आणखी हसले, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग तिने खिडकीला गोणपाटाचा ओला बोरा टांगला आणि म्हणाली, 'कूलर काय करते, माणूस थंड करते. माझा माणूस आधीच थंड आहे.' आणि माझं हसू थांबलं.

ते वाक्य माझं होतं. मागच्या मे महिन्यात, दुपारी, स्वयंपाकघरात, फक्त तुमच्यासमोर म्हटलेलं. तुम्ही इतके हसला होता की आईंनी बाहेरून विचारलं, काय झालं म्हणून.

नंतर मी तिचं लुगडं पाहिलं. मोतिया रंगाचं, काठाजवळ मी रफू केलेलं. एका गरीब बाईला द्यायचं आहे म्हणून तुम्ही मागितलंत, मी धुऊन, इस्त्री करून दिलं. ती गरीब बाई कोण, ते त्या दुपारी मला समजलं. नाव तेवढं तुम्ही बदललंत. माधवीची मंदा केलीत. रंजीता नावाची ती नटी काम चांगलं करते. हात कमरेवर ठेवायची माझी तऱ्हा तिला तुम्ही दाखवली असेल.

हसवलंत तिथवर मी सहन केलं असतं, शपथेवर सांगते. बाई काटकसरी असली की तिला लोक हसतात, त्याचं पुरुषाला तिकीट मिळतं, हे मला नवीन नाही. पण तिसरा अंक आला. मंदाची सासू आंधळी होत चाललेली, पोरगा म्हणतो ऑपरेशन करू, आणि मंदा पेटीला कुलूप घालून म्हणते, 'डोळ्यापेक्षा हप्ता मोठा.' म्हातारी चाचपडत विहिरीत पडते. पोरगा छाती पिटून गाणं म्हणतो. मंदा त्याचे पाय धरते, कुलूप फोडते, पडदा. आशाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, 'अशा बाईले त चपलेनं हानलं पायजे.' असं म्हणून तिने मीच केलेला चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाली.

अश्वजितचे बाबा, आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन कोणी केलं? चंद्रपूरच्या दवाखान्यात आईंचा हात धरून कोण बसलं होतं? तुम्ही तेव्हा युनियनच्या मीटिंगला म्हणून गेला होता. आता कळतं की युनियन वडशाला होती आणि तिला पेटी-तबला लागत होता. डब्याचे पैसे मी त्या ऑपरेशनला मोडले. कुलूप फोडून नाही, किल्लीने उघडून.

पडदा पडल्यावर माइकवाला ओरडला, 'लेखक आणि निर्माते, आपले लाडके खुशालभाऊ.' लेखक ठीक होतं, ते मला बोऱ्याच्या वाक्यालाच कळलं होतं. निर्माता शब्द मला अडला, कारण निर्मात्याला पैसे लागतात. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, मावशी, दोन वर्षांत जास्तीचा एक रुपयाही आला नाही. मग तुम्हाला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, 'माधे, पैसा कुठी पळून नाई गेला. पार्टनरशिपमध्ये आहे. होळीपर्यंत डबल करून आणतो.' आणि वर, 'पब्लिक रडून राह्यली, माधे, रडून.' दोन वर्षांच्या बचतीच्या तीन लाख दहा हजारांत पब्लिक रडवलीत. मला सांगितलं असतं तर मी फुकट रडले असते.

तरी पैशांचं दुःख मोजता येतं. दुसरं मोजता येत नाही, तेच लिहायला अवघड जातंय. गेली दोन वर्षं चहा पिताना तुम्ही विचारायचात, 'मंग तू काय म्हणाली? अजून एकदा सांग.' वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कोणी माझं बोलणं परत ऐकायला मागत होतं. मी भाजीवाल्याशी झालेलं भांडण तुमच्यासाठी घोळवून, सजवून घरी आणायची. रस्त्यानेच वाक्यं जुळवायची. डबे भरताना मनात म्हणायची, हे आज यांना सांगू. मला वाटलं, या वयात माझा नवरा माझ्या प्रेमात पडतोय. तुम्ही पाठांतर करत होता.

आता मी बोलायला तोंड उघडते आणि वाटतं, हे रंजीताला दिलं तर टाळी पडेल का. मग गप्प बसते. घर इतकं शांत झालंय की आईंनी परवा विचारलं, 'तुले ताप आहे का वं?'

आईंना मी काही दाखवणार नव्हते. पण आशाबाईचा मोबाइल आणि आईंचा नवा डोळा, दोन्ही माझ्या ताब्यात नाहीत. त्यांनी पूर्ण नाटक पाहिलं. पहिल्या अंकात हसल्या, दुसऱ्यात सुपारी कातरली. तिसऱ्यात विहिरीचा सीन आला तेव्हा मोबाइल अगदी नाकाशी धरून म्हणाल्या, 'अवं, हे त मीच होय. मंग मले मारलं काऊन यानं? मी त जिती आहो.'  रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, 'ऑपरेशन तुनं केलं, हे त्याले माहीत नाई काय?' मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी अर्धी भाकर तशीच ठेवली.

परवा तुमच्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. चिमूरच्या प्रयोगाला तिथलं आयोजक मंडळ लेखकाच्या अर्धांगिनीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार, पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली आहे, म्हणाला. तुम्हीच सुचवलं असणार. तुम्हाला वाटलं, शालीत सगळं गुंडाळलं जाईल. त्याला मी दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्या, आणि ते तुम्हाला वेळेत कळावं म्हणून हे पत्र आहे. टूथपेस्ट राहू द्या, बोरा राहू द्या, लुगडंही राहू द्या, ते खरं आहे. डोळ्याचं तेवढं खरं लिहा. प्रत्येक प्रयोगाचा तुमचा हिस्सा सरळ कर्जाच्या खात्यात पडू द्या, रुमाल मी आता बांधणार नाही. तिसरा अंक बदलला तर आम्ही दोघी गुपचूप बसून पाहू आणि शाल घेऊन परत येऊ. तुम्ही घरी आलात तर चहा मिळेल, बोलणं मिळणार नाही. ते पुन्हा मिळेल का, मला खरंच माहीत नाही. आणि तिसरा अंक बदलला नाही, तर आईंनी ठरवून टाकलंय. सुनेच्या पापाने तुमची म्हातारी विहिरीत पडेल, पोरगा छाती पिटायला लागेल, त्या वेळी त्या पहिल्या रांगेतून उठून उभ्या राहणार आहेत. मी त्यांना अडवणार नाही. त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे, माइक लागत नाही.

तुमचीच, निदान तिसऱ्या अंकापर्यंत,
माधवी