लंबकंठासुराची हाक

५ नोव्हेंबर २००५
लेख आला — पण कृषिपानावर! कापसाच्या भावांखाली, तुडतुड्यांच्या औषधाशेजारी. रविवारच्या पुरवणीत जागा नव्हती म्हणे. लंबकंठासुर या मी कल्पिलेल्या डायनोसॉरची मान तीस फूट, म्हणून सकाळी मारलेली हाक दुपारी तोंडातून निघे — हे शेतकऱ्यांना! हाकेची रीतही दिली होती: आधी पोटातून घुर्रर्र, मग नाकातून भ्वांऽऽक.
कचेरीत कोणी हसलं नाही. घरी रजनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे खरंच का हो?"
बायकोसुद्धा!

८ नोव्हेंबर
राळेगावकडच्या एका तांड्यावरून फोन. रूपसिंग, शेतकरी. "साहेब, तुमचा आवाज काढला. रोह्यांचा कळप पराटीतून असा पळाला का मांगं पाह्यलं नाही!" कपाशीतून नीलगायी हाकलायला डबे वाजवून, फटाके फोडून थकलेला माणूस. म्हटलं, अहो, तो विनोदी लेख होता.
"हो हो. पण नाकातून किती अन् पोटातून किती?"
सांगितलं. काय करणार!

९ नोव्हेंबर
पुन्हा रूपसिंग. आता अख्खा तांडा बांधावर उभा राहून भ्वांक करतो. "माह्या मायचा, रुपीबाईचा, तं यवतमाळले ऐकू येत असन!" कपाशीची बोंडं शाबूत आहेत.
म्हणजे लेख कामाचा ठरला. विनोदी लेखकाचा याहून मोठा अपमान नाही.

११ नोव्हेंबर
संपादक मधुसूदनराव भडकले. कुणा प्राध्यापकानं त्यांना झापलं. "कापसाचे हे हाल, आणि कृषिपानावर तुमच्या थापा! खुलासा द्या. सहापर्यंत."
पान ठरवलं कुणी? मी?
'सदर लेख विनोदी होता' — असं स्वतःच्या हातानं लिहायचं! रूपसिंगला फोन करून सांगितलं.
"नका छापू ना साहेब. रोह्यानं वाचलं तं?"
इतकी वर्षं लिहितोय. असं वाक्य मला सुचलं नाही.
पावणेसहाला खुलासा दिला. चार ओळी. उशीर कधी केला नाही, आजही नाही.

१२ नोव्हेंबर
छापला. तेच पान, तीच जागा.

१५ नोव्हेंबर
रूपसिंगचा फोन. रोही परत आले. बांधाकडची कपाशी साफ.
मी विचारलं, "काहून? हाक बंद केली?"
"कोशिश करून राह्यलो साहेब. पण तो खुलासा वाचल्यापासून एकानं घुर्रर्र केलं का सारा तांडा हसते."